स्मरणशक्ती आणि रक्ताभिसरणासाठी झाडपाल्याचा चहा: तुमच्याकडं काय पितात?

पाटोद्याची_लेक
नमस्कार मंडळी. आमचे आण्णा गावाकडं (बीड जिल्हा) असतात, वय सत्तरीच्या पुढं. अलीकडं नावं विसरायलेत. विहिरीवरची मोटार चालू ठेवून जेवायला येतात. बोलताना मधेच "ते हे... काय म्हणतेत त्याला" असं चालू असतं. शिवाय पायाला मुंग्या येतात, रात्री तळपाय बधिर होतात म्हणतात. आठवडी बाजारात एक जण "स्मृती व रक्ताभिसरण चहा" म्हणून पुड्या विकतो, त्याच्याकडून पाव किलो आणून ठेवलाय. पुडीवर काय-काय घातलंय ते लिहिलेलं नाही. वास दालचिनीचा येतो, सालीचे तुकडे आणि काड्या दिसतात, मधे-मधे निळी वाळलेली फुलं आहेत. आई म्हणते, त्यापेक्षा घरीच काहीतरी करू.
तर प्रश्न असा की आपल्याकडं यासाठी पूर्वीपासून काय पितात, कसं करतात आणि खरंच काही फरक पडतो का? अनुभव असेल तर सांगा.

भाकरी_ठेचा
माझ्याकडं लई जबरदस्त काढा होता ताई. कृती विसरलो.

दुधना
वरच्यांकडं लक्ष देऊ नका, ते प्रत्येक धाग्यावर पहिले येतात.
आमच्याकडं (सेलूजवळ) रोज सकाळी गवती चहाच. न्हाणीच्या पाटाला लावलेला आहे, सांडपाण्यावर वाढतो. चार पाती तोडायची, गाठ मारून पातेल्यात टाकायची, आल्याचा तुकडा ठेचून, गूळ उतरवल्यावर घालायचा (आधी घातला आणि दूध टाकलं की फाटतो). तोडताना बोटं जपा, पात ब्लेडसारखं कापतं. स्मरणशक्तीचं माहीत नाही, पण वडील ८४ वर्षांचे आहेत आणि कुणाकडं किती पैसे राहिलेत ते तोंडपाठ आहे.

टीचरबाई_अंबाजोगाई
दुधना, उसने पैसे सगळ्यांच्याच लक्षात राहतात. घेतलेले विचारून बघा.

दुधना
😀 ते काही आठवत नाहीत त्यांना.

मांजराकाठ
लातूरला या विषयावर कादंबरी होईल. आमच्या गल्लीत नीटची तयारी करणारी पोरं भाड्यानं राहतात. सोबत आया येऊन राहिलेल्या असतात. सकाळी प्रत्येक खोलीतून ब्राह्मीचा नाहीतर शंखपुष्पीचा वास येणार. एक माउली तर बदाम, अक्रोड, ब्राह्मी, शंखपुष्पी, ज्येष्ठमध सगळं एकत्र उकळून पोराला द्यायची. पोरगं एकदा मला म्हणलं, "काका, हे पिलं की पुस्तक उघडायच्या आधीच झोप लागायली." शेवटी त्यानं ते खिडकीतल्या कुंडीत ओतायला सुरुवात केली. तुळस मात्र जोरात होती.
माझं मत विचाराल तर लातूर पॅटर्नमधे ब्राह्मीपेक्षा रात्री अकराला दिवा बंद करण्याचा उपयोग जास्त. पण हे आईबापाला सांगणार कोण?

शुभ्रा_हिंगोली
आमच्याकडं हळदीचं पाणी. वसमतची हळद, त्यात मिरी चिमूटभर. सासूबाई "रक्त फिरतं राहतं" म्हणून देतात. फिरतं की नाही कळत नाही, पण दात मात्र पिवळे झालेत.

काडेचिराईत
नांदेडला वैद्यकी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढं जा.

पाटोदेकर ताई, "पूर्वीपासून काय पितात" याचं खरं उत्तर थोडं गैरसोयीचं आहे. चरकसंहितेत बुद्धी-स्मृतीसाठी म्हणजे मेध्य रसायन म्हणून चार गोष्टी सांगितल्या आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधासोबत, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. बघा, यात एकही चहा नाही. रस आहे, चूर्ण आहे, वाटून केलेली चटणी आहे. पुढं ब्राह्मीचं म्हणाल तर ती तुपात सिद्ध करून द्यायची मोठी परंपरा आहे, ब्राह्मी घृत. वाळलेली पानं गरम पाण्यात बुडवून "मेमरी टी" म्हणणं हे अलीकडचं.

पाण्यात करायचे प्रकारही तीन आहेत आणि लोक ते एकात एक करून टाकतात. काढा म्हणजे भरडीच्या १६ पट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवणं. साल, मूळ, खोड अशा कडक मालाला तेच लागतं. फांट म्हणजे उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं आणि गाळायचं. गवती चहा, तुळस, पुदिना यांना हे योग्य, कारण वासाचं तेल उडून गेलं की राहतो तो नुसता हिरवा पाला. हिम म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळणं. तुमच्या पुडीत साल आणि फुलं एकत्र आहेत, म्हणजे साल उतरेपर्यंत उकळलं तर फुलांचं वाटोळं आणि फुलांपुरतं ठेवलं तर साल कोरडीच.

निळी फुलं गोकर्णाची असणार. एक काम करा, कपात दोन फुलं गरम पाण्यात टाका आणि लिंबू पिळा. निळ्याचं जांभळं झालं तर गोकर्णच. काही भागांत गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणून वापरतात, आपल्याकडची शंखपुष्पी म्हणजे माळावर जमिनीलगत पसरणारी, फिकट फुलांची. विष्णुक्रांता हे तिसरंच झाड, तेही त्याच नावानं विकलं जातं. बाजारात सगळं चालतं.

गुलमंडी_कट्टा
वैद्यबुवा, ब्राह्मीचाही तोच गोंधळ आहे ना? मी दोन दुकानांतून ब्राह्मी आणली, एकाची पानं गोल बेडकाच्या पायासारखी, दुसऱ्याची बारीक जाड.

काडेचिराईत
बरोबर. गोल, कडेला कात्रे असलेली आणि एकेका देठावर एकच पान ती मंडूकपर्णी. बारीक, मांसल, देठ जवळजवळ नाहीच आणि पांढरी-फिकट जांभळी फुलं ती नीरब्राह्मी, पाणथळ जागी होते. महाराष्ट्रात दोन्हींना लोक ब्राह्मी म्हणतात. आधुनिक संशोधन बहुतेक नीरब्राह्मीवर झालंय, आणि घरोघरी कुंडीत असते ती मंडूकपर्णी. म्हणून "ब्राह्मीवर संशोधन झालंय" असं कुणी म्हणलं की आधी पान बघा.

शंकासुर
चला, आता माझी पाळी.
नीरब्राह्मीवर माणसांवर प्रयोग झालेत हे मान्य. पण ते काय आहेत ते बघा: साधारण ३०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्काची गोळी, रोज, बारा आठवडे. त्यानंतर काही चाचण्यांमधे थोडासा फरक, काहींमधे नाही. आठवड्यात जादू होत नाही आणि चहात तो अर्क तेवढा उतरत नाही. काहींना मळमळ आणि जुलाबही होतात.
दुसरं उदाहरण गिंको. परदेशात "मेंदूला रक्त पोचवतो" म्हणून सगळ्यात जास्त खपणारा पाला. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर मोठी चाचणी झाली, रोज दोन वेळा १२० मिलिग्रॅम, कित्येक वर्षं. २००८ साली निकाल छापला: डिमेन्शिया (म्हातारपणचा स्मृतिभ्रंश) टळला नाही. एवढा पैसा घालून तपासलेल्या झाडाची ही गत, तर बाजारातल्या बिननावाच्या पुडीचं काय बोलायचं.

मांजराकाठ
शंकासुर, तुम्हाला कधी एखादी गोष्ट आवडते का हो?

शंकासुर
आवडते की. साखरेचा, दुधाचा, आलं ठेचलेला उकाळा. तो काही बरं करत नाही आणि तसा दावाही करत नाही.

गुलमंडी_कट्टा
आमच्या औरंगाबादेत (आता संभाजीनगर, पण जुन्या आठवणींना जुनंच नाव येतं तोंडात) युनानीचं वजन मोठं होतं. १९४८ पर्यंत निजामी, त्यामुळं गल्लीत एक वैद्य असेल तर एक हकीमही असायचा. आमच्या आजोबांना हकीमसाहेब रात्री झोपताना "इत्रीफल उस्तुखुद्दूस" द्यायचे, डोकं जड होणं आणि विसराळूपणा दोन्हीसाठी. तो चहा नव्हे, मधात मुरवलेला घट्ट पाक, चमचाभर चाटायचा. पिण्याचा प्रकार म्हणजे जोशांदा: बनफशा, उन्नाब, गावजबान. पण तो सर्दी-खोकल्याचा. सिटी चौकाच्या बाजूला अजून सुटा जोशांदा बांधून मिळतो. दुकानदार कागदाच्या चौकोनावर एकेक चिमूट टाकत जातो आणि शेवटी अशी पुडी वळतो की सुतळी लागत नाही.
म्हणजे हकिमांकडंही स्मृतीसाठी चहा नव्हता, पाक होता. वैद्यबुवांच्या मुद्द्याला दुजोरा.

कडवंची_पोरगा
स्मृतीचं राहू द्या, रक्ताभिसरणाचं बोला. आमच्याकडं (जालना) लाल अंबाडीच्या बोंडांचं पाणी पितात. भाजीची अंबाडी वेगळी, तिच्या काड्यांचा वाख काढून दोर वळायचे. ही लाल बोंडांची, दिवाळीच्या सुमारास बोंडं जाड आणि लालभडक होतात. बी काढून पाकळ्या सावलीत वाळवायच्या. चमचाभर पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतलं की रक्तासारखा रंग येतो. चव आंबट, चिंचेची आठवण येते. आई म्हणते रक्तदाब उतरतो.

शंकासुर
कडवंची, आनंदाची बातमी: तुमच्या आईचं म्हणणं मला मान्य आहे. २०१० साली अमेरिकेत ६५ जणांवर चाचणी झाली, रोज तीन कप, सहा आठवडे. वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला. दाब थोडासाच वाढलेले आणि गोळी न घेणारे लोक होते ते. चहा म्हणून पिऊन मोजमापात फरक दिसलेला पाला या धाग्यावर पहिल्यांदा आला.

भाकरी_ठेचा
शंकासुरांनी मान्य केलं! तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी. मी ठेवली असती, पण विसरेन.

मेडिकलवाला
आनंद ठीक आहे, पण ज्यांना दाबाची गोळी चालू आहे त्यांनी रोज तीन कप अंबाडी प्यायची असेल तर डॉक्टरला सांगून. चक्कर येऊन न्हाणीत पडायचं आणि खुबा मोडायचा, असं होऊ नये.
मी काउंटरवर जे बघतो ते सांगतो. लोक गोळ्यांची चिठ्ठी दाखवतात, काढा सांगत नाहीत. "झाडपाला आहे, त्यात काय" म्हणून. चार गोष्टी लक्षात ठेवा.
ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून चहात टाकतात. रोज जास्त घेतलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, दाब वाढतो. दाबाच्या माणसानं महिनोन्महिने घेऊ नये.
फिटच्या गोळ्या (फेनिटॉइन) चालू असतील तर शंखपुष्पी सिरप नको. मुंबईतल्या डॉक्टरांनी १९९२ सालीच छापलंय: थांबलेल्या फिट परत यायला लागल्या म्हणून शोध घेतला, तर सिरपमुळं गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरतं असं उंदरांवर दिसलं.
वेखंड बाळाच्या घुटीत उगाळतात तेवढं वेगळं, पण "बुद्धी वाढते" म्हणून त्याचा रोज काढा करू नका. अमेरिकेत ते खाद्यपदार्थांत घालायला १९६८ पासून बंदी आहे.
आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या ज्यांना आहेत त्यांनी लसूण, आलं, हळद, गिंको यांचे अर्क आणि कॅप्सूल मनानं सुरू करू नयेत. भाजीतलं आलं-लसूण चालतं, ते औषध म्हणून वाटी-वाटी नको.
ताई, आण्णांना गोळ्या कुठल्या चालू आहेत?

शुभ्रा_हिंगोली
दालचिनीचं पण सांगा ना. आमच्याकडं पाव-पाव किलो आणतात.

मेडिकलवाला
बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅसिया, तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं. रोज भरपूर घेतलं तर लिव्हरला त्रास. खरी सिलोनची पातळ, कागदाच्या गुंडाळीसारखी, बोटानं चुरा होते. चहात चवीपुरती कुठलीही चालेल.

दुधना
गुळवेलीचं काय मग? करोनात आमच्या बांधावरच्या कडुलिंबावरची सगळी वेल लोकांनी ओरबाडून नेली.

काडेचिराईत
२०२१ मधे मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्यांत यकृताला इजा झाल्याचे रुग्ण छापले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलं नाही. वाद दोन्ही बाजूंनी झाला. मी माझ्या रुग्णांना एवढंच सांगतो की आधीच कावीळ किंवा लिव्हरचा आजार असेल तर नाही, आणि कुणालाही महिनोन्महिने नाही.
करोनातलंच आणखी एक. आयुषच्या काढ्याचं प्रमाण साधं होतं: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १. लोकांनी काय केलं, मिरी दुप्पट, लवंग वरून, दिवसातून पाच वेळा. मग तोंड येऊन आणि जळजळ होऊन माझ्याचकडं.

टीचरबाई_अंबाजोगाई
मला एक वेगळंच सांगायचंय. आमचे हे "विसरायलेत" म्हणून मी पण ब्राह्मीचं तेल, तूप, चहा सगळं केलं. काल काय सांगितलं ते आठवायचं नाही. मुलीनं कानाच्या डॉक्टरकडं नेलं तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय! सांगितलेलं पोचलंच नव्हतं तर आठवणार काय? यंत्र लावलं. आता मी स्वयंपाकघरात पुटपुटलेलंही ऐकू येतं, ही वेगळी अडचण.
लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाच्या जोखमीचे १४ घटक दिलेत, त्यात कमी ऐकू येणं आहे. दाब, साखर, तंबाखू, एकटेपणा हेही आहे.

रानजाई
बायकांचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. हातपाय गार, लक्षात राहत नाही, जिना चढला की धाप, हे ऐकलं की आमच्या वाड्यावर सगळ्या "रक्ताभिसरण बरोबर नाही" म्हणतात आणि दालचिनी-मिरीचा चहा सुरू होतो. मी अंगणवाडीत काम करते. हिमोग्लोबिन तपासलं की निम्म्या जणींचं कमी. रक्त फिरत नाही असं नाही, रक्तच कमी आहे माय! आणि वरून जेवणासोबत चहा. चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी चहासोबत घेणाऱ्याही बघितल्यात. जेवण आणि चहा यात तासाभराचं तरी अंतर ठेवा. गोळी लिंबू-सरबतासोबत घ्या, आणि चहा प्यायचाच असेल तर मग तुमचा गवती चहा प्या.

मांजराकाठ
रानजाई, हे पोस्ट छापून आमच्या गल्लीत लावतो.

भाकरी_ठेचा
विषयांतर: २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा गवती चहा कसा जगवला कुणी?

मांजराकाठ
भांडी विसळलेल्या पाण्यावर. त्या वर्षी चहाला विमबारचा वास होता असं आमच्या मामांचं म्हणणं आहे. मामा थोडं वाढवून सांगतात.

पाटोद्याची_लेक
बापरे, एवढं लिहिलंत! सगळं वाचलं. मेडिकलवाले दादा, तुम्ही विचारलं म्हणून आईकडून गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवले. आण्णांना दोन वर्षांमागं स्टेंट बसवलाय. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आहेत, दाबाची एक, साखरेची एक. आणि ॲसिडिटीची तर कधीपासूनची आहे.

शंकासुर
ताई!! हे पहिल्या पोस्टमधे हवं होतं.

मेडिकलवाला
स्टेंट + दोन गोळ्या असताना ती बिननावाची पुडी आजच बंद. त्यात काय आहे हेच माहीत नाही. दालचिनी नुसतीच असेल, किंवा अजून कायकाय. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका, तो तर त्याहून मोठा धोका.
दुसरं, साखरेची गोळी मेटफॉर्मिन असेल आणि सोबत ॲसिडिटीची वर्षानुवर्षं चालू असेल तर दोन्हींनी बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं. पायाला मुंग्या, बधिरपणा, विसराळूपणा तिन्ही बी-१२ कमी असल्यावर होतात. साखरेनंही नसा खराब होऊन मुंग्या येतात. त्यामुळं "रक्ताभिसरण" म्हणून चहा देण्याआधी रक्त तपासा.

काडेचिराईत
मेडिकलवाल्यांशी पूर्ण सहमत. पायाचं असं बघतात: चालताना पोटरी दुखते, थांबलं की राहते, परत चाललं की परत दुखते, असं असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून तुलना केली की कळतं. बसल्या-झोपल्या मुंग्या आणि बधिरपणा असेल तर बहुधा नसांचं. बिडी-तंबाखू असेल तर ते आधी सुटायला हवं, त्यापुढं कुठलाच काढा टिकत नाही.
आणि एक कडक सूचना. तोंड वाकडं होणं, एका हातातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं हे अचानक झालं तर ब्राह्मी, वेखंड, कांद्याचा वास, कशातही वेळ घालवू नका. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. स्कॅनची सोय असलेला मोठा दवाखाना गाठा.

कडवंची_पोरगा
अर्जुनाच्या सालीचं कुणीच नाही बोललं. हृदयासाठी तर तीच.

काडेचिराईत
अर्जुनाचा क्षीरपाक करतात: १ भाग साल, ८ भाग दूध, ३२ भाग पाणी, फक्त दूध उरेपर्यंत मंद आचेवर. पण ज्याला स्टेंट आहे आणि गोळ्या चालू आहेत त्याला मी त्याच्या हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय देत नाही, आणि धाग्यावरून तर नाहीच. शिवाय नदीकाठच्या झाडाची साल गोलाकार सोलून नेतात, झाड मरतं. गोदाकाठी अशी उभी वाळलेली झाडं बघवत नाहीत.

गुलमंडी_कट्टा
मग आण्णांनी प्यायचं तरी काय हो? सगळ्यालाच नाही म्हणायलात.

काडेचिराईत
नाही कुठं म्हणतोय. दुधनांचा गवती चहा प्यावा, त्यात दोन-चार पानं तुळशीची, जरासं आलं. साखर असल्यामुळं गूळही नको (गुळानं साखर वाढत नाही हा आपल्याकडचा लाडका गैरसमज). झाकून ठेवा, गाळा, गरम प्या. आण्णांना आनंद मिळेल, दुधा-साखरेचे दोन कप कमी होतील. स्मरणशक्तीचं खातं वेगळं उघडा.

पाटोद्याची_लेक
परत आले, थोडं उशिरा. आण्णांना बीडला नेलं. पुडीही नेली होती, डॉक्टरांनी हुंगून बाजूला ठेवली आणि "ही परत घरी न्यायची नाही" म्हणाले. पायाच्या नाड्या बोटांनी बघितल्या, त्या चांगल्या लागल्या. मग वाजणारा चिमटा घोट्याला लावून "थरथर कळती का" विचारलं, एका पायाला उशिरा कळायली. रक्त पोचतंय, नसांचं आहे म्हणाले. बी-१२, साखरेची तीन महिन्यांची तपासणी, थायरॉइड असं रक्त दिलंय, रिपोर्ट यायचेत.
स्मरणशक्तीसाठी कागदावर घड्याळ काढायला लावलं, "अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा". आण्णा म्हणाले, "तुमच्या भिंतीवर घड्याळ आहे की, त्यात बघा ना." शेवटी काढलं. आकडे सगळे जागेवर, काटे बरोबर. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातले दोन सांगितले आणि तिसऱ्यासाठी डॉक्टरांशी हुज्जत घातली की तुम्ही हळू बोललात. तर टीचरबाई, कानाच्या डॉक्टरांकडंही चिठ्ठी दिलीय!

टीचरबाई_अंबाजोगाई
मी म्हणलंच होतं. यंत्र दिलं तर सुरुवातीला काढून ठेवतील, पेटीत नका ठेवू देऊ. रोज थोडा-थोडा वेळ वाढवा.

भाकरी_ठेचा
मोटारीचं काय केलं?

पाटोद्याची_लेक
भावानं टायमर बसवला, आपोआप बंद होते. आण्णांना ते अपमानाचं वाटायलं. गवती चहा मात्र आवडला, बिनगुळाचा. "नुसतं पाणी देताव का" असं एकदा म्हणून झालं, पण आता सकाळी स्वतःच पाती तोडून आणतात.

शंकासुर
पाती तोडायला चालत जातात ना? ते चालणं मोजा, चहा मोजू नका. रिपोर्ट आले की लिहा.

रानजाई
कडवंची, लाल अंबाडीचं बी मिळेल का? आमच्या अंगणवाडीच्या परसबागेत लावायचंय. सरबत करता येईल पोरांना.

कडवंची_पोरगा
मिळेल की. मागच्या हंगामाचं डबाभर आहे. जूनच्या पहिल्या पावसावर टाका, दोन झाडांत दीड-दोन हात अंतर ठेवा, नाहीतर नुसती काडी उंच जाते आणि बोंडं धरत नाहीत. बोंड काढताना काटेरी लव टोचते, हातमोजे घाला. व्यनि (खाजगी निरोप) करा, पोस्टानं पाठवतो.

दुधना
मलाही थोडं.

मांजराकाठ
मलाही. गल्लीत कुंडीत लावतो, नीटची पोरं काढा ओततात त्यावर जोरात येईल.